एलएल.एम. आणि कायद्यातील संशोधन : मुंबई इलाख्यातील वाटचाल

एलएल.एम. ही कायद्यातील पदव्युत्तर पदवी होय, आणि आज ती घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला ठराविक विषयांच्या परीक्षांबरोबरच एक लघुशोधप्रबंध, म्हणजे मर्यादित प्रश्नावर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली लिहिलेला स्वतंत्र अभ्यास, सादर करावा लागतो. पदवी आणि संशोधन यांची ही सांगड आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती पहिल्यापासूनच तशी असावी असे वाटते. वस्तुस्थिती मात्र उलट आहे. जुन्या मुंबई इलाख्यात कायद्याचे संशोधन विद्यापीठ जन्माला येण्याच्या तीस वर्षे आधी सुरू झाले होते आणि ते सनदी अधिकारी, अदालतीतले शास्त्री, वकील व न्यायाधीश यांच्या हातून घडले. पदवी नंतर आली, दीर्घकाळ परीक्षेपुरतीच राहिली, आणि संशोधनाला तिच्यात जागा मिळाली तीही उशिरा व काहीशी अनिच्छेने.

या संशोधनाची गरज निर्माण झाली ती एका कायदेशीर तरतुदीमुळे. पेशवाईच्या अस्तानंतर कंपनी सरकारने 1827 साली मुंबई इलाख्यासाठी जी ‘रेग्युलेशने’, म्हणजे गव्हर्नर व त्याचे मंडळ यांनी केलेले कायदे, एकत्रितपणे जारी केली, त्यांतील चौथ्या रेग्युलेशनच्या 26व्या कलमाने दिवाणी न्यायालयांनी कोणता कायदा कोणत्या क्रमाने लावावा हे ठरवून दिले. प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारची रेग्युलेशने, ती नसतील तेथे मुलखाची वहिवाट, वहिवाट नसेल तेथे प्रतिवादीचा कायदा, आणि यांपैकी काहीच नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेक, असा तो क्रम होता. धर्मग्रंथांच्या आधी वहिवाटीला स्थान देणारी ही तरतूद बंगालमधील व्यवस्थेहून निराळी होती, आणि तिचा परिणाम असा झाला की मुलखाची वहिवाट नेमकी काय आहे हे कोणीतरी शोधून, तपासून, लिहून ठेवणे भाग पडले.

आर्थर स्टील या अधिकाऱ्याने ते काम दख्खनमध्ये केले. जातीजातींचे जाणते लोक आणि शास्त्री यांच्याकडे विवाह, दत्तक, वारसा, काडीमोड, जातीबाहेर टाकणे अशा विषयांवर चौकशी करून त्याने दख्खनमधील हिंदू जातींच्या कायद्याचा व रूढींचा जो सारांश तयार केला, तो 1827 सालीच छापला गेला आणि 1868 मध्ये पुन्हा निघाला. 1827 मध्येच हॅरी बोराडेल याने नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूख’ या सतराव्या शतकातील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. एकाने माणसांना विचारले, दुसऱ्याने पोथी उलगडली. पुढे कायद्याच्या संशोधनाचे जे दोन मार्ग विद्यापीठांनी पारिभाषिक नावे देऊन शिकवायला घेतले, ते दोन्ही येथे एकाच वर्षी शेजारीशेजारी दिसतात. स्टीलच्या चौकशीत दोष नाहीत असे नव्हे, कारण वरिष्ठ जातींचे आणि पुरुषांचे म्हणणे हेच बहुतेक ठिकाणी जातीचे म्हणणे म्हणून नोंदले जाणे त्या पद्धतीत अटळ होते. तरीही लोकांना प्रत्यक्ष विचारल्याशिवाय लोकांचा कायदा सांगता येत नाही हा आग्रह त्यामागे होता आणि तो मोलाचा होता.

न्यायालयांना शास्त्रार्थ सांगण्यासाठी सरकारी पगारावर शास्त्री नेमलेले असत. न्यायाधीशाने प्रश्न लिहून पाठवावा आणि शास्त्र्याने आधारवचनांसह उत्तर द्यावे, अशी ती पद्धत होती; या उत्तराला ‘व्यवस्था’ म्हणत. 1864 च्या कायद्याने ही पदे रद्द झाली, परंतु दफ्तरांत साठलेल्या व्यवस्था वाया गेल्या नाहीत. रेमंड वेस्ट हा सनदी अधिकारी आणि गेऑर्ग ब्यूलर हा जर्मन संस्कृतपंडित यांनी इलाख्यातील निरनिराळ्या अदालतींतील या उत्तरांची निवड करून, ती मूळ ग्रंथांशी ताडून आणि त्यांवर टिपा देऊन हिंदू कायद्याचा संग्रह तयार केला व तो 1867 पासून प्रसिद्ध केला. ज्यांच्या उत्तरांवर तो ग्रंथ उभा आहे त्या शास्त्र्यांपैकी बहुतेकांची नावे वाचकांच्या लक्षात राहिली नाहीत, आणि ही उणीव केवळ नावांची नाही, कारण मुंबई इलाख्यातील कायद्याच्या अभ्यासाचे पहिले मोठे कष्ट त्यांनीच उपसले होते.

हे संशोधन प्रत्यक्षात कसे चालत असे आणि त्यावर किती काही अवलंबून असे, हे विधवेने घ्यावयाच्या दत्तकाच्या प्रश्नावरून नीट ध्यानात येते. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ नये व घेऊ नये अशा आशयाचे वसिष्ठाचे एक सूत्र आहे. मिथिलेच्या पंडितांनी त्याचा अर्थ असा लावला की अनुज्ञा दत्तक घेण्याच्या क्षणी हवी, आणि पती हयात नसल्याने विधवेला ती मिळणे अशक्य, म्हणून विधवेला दत्तक घेताच येत नाही. बंगालमध्ये असे मानले गेले की पतीने हयातीत दिलेली अनुज्ञा त्याच्या मृत्यूनंतरही चालते. द्राविड देशात पतीच्या अनुज्ञेच्या जागी सपिंडांची, म्हणजे पतीकडील जवळच्या भाऊबंदांची, संमती पुरेशी ठरली. महाराष्ट्रात मात्र ‘मयूख’ आणि कमलाकर भट्टाचा ‘निर्णयसिंधु’ यांच्या आधारे असा अर्थ रूढ होता की ते सूत्र पती जिवंत असलेल्या स्त्रीपुरतेच आहे, विधवेला ते लागू नाही. सूत्र एक, त्याचे अर्थ चार, आणि प्रत्येक अर्थामागे एकेका प्रदेशाची वहिवाट. मुंबई उच्च न्यायालयाने 1868 मध्ये रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात (डॉ. रखमाबाईंच्या गाजलेल्या विवाहविषयक खटल्याशी त्याचा संबंध नाही) महाराष्ट्रातील विधवेला पतीच्या अनुज्ञेवाचून आणि भाऊबंदांच्या संमतीवाचून दत्तक घेता येतो, मात्र तो धर्मकर्तव्य म्हणून सद्भावाने घेतलेला असावा, लहरीखातर किंवा भ्रष्ट हेतूने नव्हे, असा निर्णय दिला. त्याच वर्षी लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, मद्रास इलाख्यातील रामनाद संस्थानाच्या प्रकरणात या निरनिराळ्या अर्थांचा परामर्श घेतला आणि हिंदू कायद्यात रूढीचा स्पष्ट पुरावा लेखी वचनावर मात करतो हे तत्त्व घालून दिले.

या निर्णयांमुळे घराणी राहिली किंवा बुडाली, वतने एका शाखेकडून दुसरीकडे गेली, आणि दिराच्या मर्जीवर जगणे ज्यांच्या नशिबी आले असते अशा अनेक स्त्रियांच्या हाती घराची मालकी ठरवणारा एक अधिकार आला. पोथीतील एका वाक्याचा अन्वय आणि गावातील वहिवाटीचा पुरावा या दोहोंचा शोध एकत्र घेतल्यावाचून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता, आणि जिच्या आयुष्यावर त्याचा परिणाम व्हायचा ती स्त्री बहुधा यांपैकी काहीच वाचू शकत नव्हती. कायद्यातील संशोधन ही पांडित्याची हौस नसून त्यावर माणसांचे निर्वाह अवलंबून असतात, हे दाखवणारे याहून ठळक उदाहरण या इलाख्याच्या इतिहासात सापडणे कठीण आहे.

विश्वनाथ नारायण मंडलिक यांचे काम याच परंपरेतले आहे. 1833 मध्ये जन्मलेले आणि 1889 मध्ये निवर्तलेले मंडलिक हे मुंबईतील अग्रगण्य वकील होते. त्यांनी 1880 मध्ये ‘व्यवहारमयूख’ व ‘याज्ञवल्क्यस्मृति’ यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्याला जोडलेल्या परिशिष्टांत निरनिराळ्या जातींतील विवाह व दत्तक यांसंबंधीच्या प्रत्यक्ष चालींचे दाखले दिले. ग्रंथांत निषिद्ध मानलेले दत्तक समाजात सर्रास घेतले जातात हे त्यांनी उदाहरणांनी दाखवले. वकिली सांभाळून केलेले हे काम आजच्या कोणत्याही विद्यापीठात प्रबंध म्हणून मान्य झाले असते.

विद्यापीठाने मात्र असे काम मागितलेच नव्हते. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी निवृत्त झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ लोकवर्गणीतून कायद्याच्या अध्यापकाचे पद निर्माण झाले आणि 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये कायद्याचे वर्ग सुरू झाले. आजचे मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय त्यातूनच वाढले. दोन वर्षांनी, 1857 मध्ये, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे स्वतः न शिकवता संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घेणारी संस्था म्हणून. विद्यापीठांनी स्वतः शिकवावे व संशोधन करावे याला कायद्याने वाट मिळाली ती 1904 च्या भारतीय विद्यापीठ कायद्यानंतर. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने ज्ञान म्हणजे प्रश्नपत्रिकेत विचारता येईल तेवढे. आणि कायद्याची पदवी तर मुख्यतः वकिलीची सनद मिळवण्याचे साधन होते. शिकवणारे बहुधा दिवसभर न्यायालयात काम करून येणारे वकील असत आणि शिकणारेही नोकरी सांभाळून येत. अशा व्यवस्थेत वर्षभर एका प्रश्नामागे लागणारा विद्यार्थी कोठून निघणार?

कलकत्त्याने निराळी वाट काढली. 1868 मध्ये निधन पावलेले वकील प्रसन्नकुमार टागोर यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून तेथील विद्यापीठात 1870 पासून टागोर विधी व्याख्याने सुरू झाली. व्याख्यात्याने कायद्याच्या एका विषयावर सविस्तर व्याख्यानमाला द्यावी आणि ती छापली जावी अशी ही योजना होती. रासबिहारी घोष यांचा गहाणाच्या कायद्यावरील, गुरुदास बॅनर्जी यांचा विवाह व स्त्रीधन यांवरील, आणि यूलिउस योली यांचा हिंदू कायद्याच्या इतिहासावरील ग्रंथ या व्याख्यानांतूनच जन्मले. मुंबईचे दिनशा फरदुनजी मुल्ला यांनी 1929 ची व्याख्याने दिवाळखोरीच्या कायद्यावर दिली. मुंबईत मंडलिकांच्या नावे निबंधासाठी सुवर्णपदक ठेवले गेले. त्याची व्याप्ती लहान होती, पण ते एका अशा तरुणाला मिळाले की ज्याच्या कामापुढे पुढे सर्व पदव्या थिट्या ठरल्या.

तो तरुण म्हणजे 1880 मध्ये जन्मलेले पांडुरंग वामन काणे. रत्नागिरीत सरकारी शाळेत शिक्षकी, मग मुंबईत शिक्षकी, त्याच काळात कायद्याचा अभ्यास, 1911 पासून उच्च न्यायालयात वकिली, आणि 1912 मध्ये हिंदू व मुसलमानी कायदा या विषयात एलएल.एम., असा त्यांचा क्रम आहे. त्यानंतर काही वर्षे ते शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांची एलएल.एम. परीक्षेने मिळालेली होती. तिच्यासाठी प्रबंध लागला नव्हता. प्रबंध म्हणावे असे काम त्यांनी नंतर केले, तेही कोणी न मागता. ‘व्यवहारमयूखा’ची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद ताडून सिद्ध केलेली संहिता, ते तयार करीत होते. तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी असा त्यांचा मानस होता. पण विषय इतका वाढत गेला की ‘मयूखा’ची आवृत्ती 1926 मध्ये निघाली आणि ती प्रस्तावना स्वतंत्र ग्रंथाचा पहिला खंड म्हणून 1930 मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केली. पाचवा खंड 1962 मध्ये पुरा झाला, तेव्हा पृष्ठसंख्या साडेसहा हजारांच्या आसपास पोचली होती. यांतील 1946 चा तिसरा खंड व्यवहाराला, म्हणजे न्यायदान व दिवाणी-फौजदारी कायद्याला, मोठी जागा देतो, आणि त्यात वकिलाची नजर पानोपानी जाणवते : वचन कोणते, ते अस्सल आहे का, त्याला टीकाकारांनी काय अर्थ दिला आणि आधुनिक न्यायालयांनी त्याचे काय केले, हा क्रम ते क्वचितच सोडतात. 1963 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. गिरगावात राहून, वकिली करून, कोणत्याही संशोधन शिष्यवृत्तीवाचून हे काम झाले याचे कौतुक वारंवार केले जाते आणि ते रास्तच आहे. परंतु असे काम करू पाहणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी विद्यापीठाने काहीच सोय केली नव्हती, ही त्या कौतुकाची दुसरी बाजू सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

पुण्यात 1923 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन लॉ सोसायटीने पुढल्या वर्षी विधी महाविद्यालय सुरू केले, आणि त्याचे पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे यांनी धर्मशास्त्रग्रंथांच्या संहिता व भाषांतरे यांची मालाच चालवली. तेही व्यक्तीचे काम होते, अभ्यासक्रमाचे नव्हे. 1935 मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. कोलंबिया आणि लंडन येथे त्यांनी लिहिलेले प्रबंध अर्थशास्त्रातले, रुपयाच्या प्रश्नावरचे व सार्वजनिक वित्तव्यवस्थेवरचे. कायद्यातील त्यांची अर्हता ग्रेज इनमधून मिळालेली बॅरिस्टरीची, आणि तिला प्रबंधाची अट नव्हती. राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांनी संशोधनाची शिस्त अर्थशास्त्राच्या दालनात आत्मसात केली, कारण कायद्याच्या दालनात ती मागणारे तेव्हा फारसे कोणी नव्हते.

मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आधारभूत प्रबंधही कायद्याच्या विभागातून आलेला नाही. विठ्ठल त्र्यंबक गुणे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इतिहासाचे संशोधक म्हणून तो लिहिला आणि तो 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. गोतसभेपुढे, म्हणजे गावचे वतनदार व भाऊबंद यांच्या सभेपुढे, वाद कसा चाले, साक्षी कशा घेतल्या जात, निर्णयाचा ‘महजर’ कोणाच्या निशाण्यांनी पुरा होई, दिव्य केव्हा करवले जाई, हे सारे त्यांनी मोडी कागदपत्रांतून उभे केले. हेच गुणे पुढे गोव्याच्या पुराभिलेख खात्याचे संचालक झाले. पुणे पुरालेखागारातील पेशवे दफ्तरात न्यायनिवाड्याचे कागद आजही आहेत, पण मोडी वाचता येणारा कायद्याचा विद्यार्थी विरळा. गोव्यातही तेच : 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचे कौटुंबिक भाग तेथे अजून लागू आहेत, वारसाविषयक भाग 2016 पर्यंत लागू होते, आणि त्यांच्या इतिहासात शिरायचे तर पोर्तुगीज येणे आवश्यक आहे.

स्वातंत्र्यानंतर या उणिवेची अधिकृत दखल घेतली गेली. 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने भारतात आंतरराष्ट्रीय कीर्तीचे विधिशास्त्रज्ञ निपजले नाहीत अशी खंत नोंदवली, आणि मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने 1958 च्या चौदाव्या अहवालात कायद्याच्या शिक्षणाच्या दर्जावर कडक टीका केली. दिल्लीत 1956 मध्ये इंडियन लॉ इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था स्थापन झाली व तिचे नियतकालिकही लवकरच निघू लागले. एलएल.एम.चे स्वरूप मात्र बदलले ते मुख्यतः दुसऱ्या कारणाने : कायद्याच्या अध्यापकासाठी ही पदवी आवश्यक ठरल्यामुळे ती वकिलाची शोभा न राहता अध्यापकाचा परवाना झाली. लघुशोधप्रबंधाचा पायंडा याच काळात पक्का झाला, पण नोकरीसाठी लिहिलेल्या प्रबंधांत विषयाची ओढ नेहमीच असते असे नाही, आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील कपाटे याची साक्ष देतात.

याच काळात कायद्याच्या संशोधनाचे दोन प्रकार नावानिशी शिकवले जाऊ लागले. पहिला ‘डॉक्ट्रिनल’, म्हणजे ग्रंथाधारित किंवा सिद्धांतनिष्ठ : अधिनियम, निवाडे व टीकाग्रंथ यांचा अन्वय लावून नियम काय आहे व तो सुसंगत आहे का हे पाहणारा. त्याची साधने मुंबई इलाख्यात लवकर तयार झाली होती. 1876 पासून सरकारी निवाडासंग्रह निघत होता, 1899 मध्ये रतनलाल रणछोडदास व धीरजलाल केशवलाल ठाकोर यांनी ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ सुरू केला, आणि नागपूरहून व्ही. व्ही. चितळे यांचा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ देशभरच्या वकिलांच्या कपाटात पोचला. दुसरा प्रकार ‘नॉन-डॉक्ट्रिनल’, म्हणजे क्षेत्राधारित : कायदा माणसांपर्यंत पोचल्यावर त्याचे काय होते हे मुलाखती, पाहणी व न्यायालयीन नोंदी यांतून तपासणारा. या दुसऱ्या प्रकाराला भारतात बळ देणाऱ्यांत मुंबई विद्यापीठातून आणि नंतर बर्कलीहून एलएल.एम. झालेले उपेंद्र बक्षी अग्रभागी होते. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले तेव्हा बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सप्टेंबर 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते पत्र म्हणजे निवाड्याची काटेकोर चिकित्सा होती : प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणून संमती होती असे मानणे पुराव्याला धरून नाही, आणि मुकाट्याने सोसणे व संमती देणे यांतील भेद न्यायालयाच्या हातून सुटला, हे त्यात दाखवले होते. देशभर चळवळ उभी राहिली आणि 1983 मध्ये फौजदारी कायदा बदलून पोलीस कोठडीतील बलात्काराबाबत पुराव्याचा भार फिरवणारी तरतूद आली. ग्रंथाधारित वाचन आणि समाजाची जाण यांची अशी जोड हीच स्टील, मंडलिक यांच्यापासून चालत आलेल्या कामाची उत्तम बाजू आहे, आणि एलएल.एम.च्या संशोधन पद्धतीच्या वर्गात हे पत्र पाठ्यपुस्तकाइतक्याच काळजीने वाचले जावे अशा योग्यतेचे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013 च्या सुमारास दोन वर्षांच्या एलएल.एम.बरोबर एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू करण्यास वाट मोकळी केली. संशोधन पद्धती व कायदेविषयक लेखन हा विषय त्यात सक्तीचा झाला ही चांगली गोष्ट. पण लघुशोधप्रबंधाच्या वाट्याला एकूण श्रेयांकांपैकी, म्हणजे अभ्यासाच्या वजनाच्या मोजमापापैकी, अगदी थोडे आले. 2021 च्या आरंभी बार कौन्सिल ऑफ इंडियाने एक वर्षाची पदवी बंद करणारे नियम जाहीर केले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे 2014 च्या कायद्याखाली राष्ट्रीय विधी विद्यापीठे उभी राहिली असल्याने महाराष्ट्रात आता या पदवीची सोय पूर्वी कधी नव्हती इतकी आहे. तरीही एक वर्षाच्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रातील परीक्षा आटोपून विषय ठरवावा लागतो, मार्गदर्शकाची मान्यता घ्यावी लागते, आणि लेखनाला हाती उरतात ते जेमतेम काही महिने. तेवढ्यात निवाडे वाचून होतात. तालुक्याच्या न्यायालयात जाऊन वर्षभरातील दाव्यांच्या नोंदी पाहणे, पक्षकारांना त्यांच्या भाषेत विचारणे किंवा पेशवे दफ्तरातील एखादा रुमाल, म्हणजे कागदांचे गाठोडे, सोडून मोडीतला निवाडा लावणे मात्र त्या मुदतीत बसत नाही, आणि त्यामुळे ज्या प्रश्नांसाठी मुंबई इलाख्यात कायद्याचे संशोधन सुरू झाले, तेच प्रश्न अभ्यासक्रमाबाहेर राहतात.